माणूस का मरतो? ४०० वर्षांपूर्वी मराठी ओव्यांत याचं उत्तर लिहिणारा इंग्रज पाद्री

बोईसर-पालघरहून लोकल पकडून विरारच्या पुढे कामाला जाणाऱ्यांनी हे नक्की पाहिलं असेल. वर्षात एक बुधवार असा येतो की वसईच्या आसपास डब्यात चढणाऱ्या काही जणांच्या कपाळावर राखेचा क्रूस असतो. ऑफिसची बॅग, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल आणि कपाळावर राख.

हा राखेचा बुधवार. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ या दिवशी सुरू होतो. कपाळाला राख लावताना धर्मगुरू आठवण करून देतात की तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार आहेस. ही आठवण येते बायबलच्या पहिल्याच पुस्तकातून, 'उत्पत्ती'मधून. आदामाने देवाची आज्ञा मोडली, तेव्हा त्याला मिळालेल्या शिक्षेचा हा भाग आहे.

म्हणजे बघा, या कथेप्रमाणे माणसाच्या वाट्याला मरण आधीपासून नव्हतं. ते नंतर आलं.

२०२० साली हा राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. दुसऱ्या दिवशी २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी दरवर्षीप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर फादर स्टीफन्सच्या ओव्या फिरल्या. मराठीची तुलना रत्नाशी आणि मोगऱ्याशी करणाऱ्या त्या ओव्या तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केल्या असतील.

पण त्या ज्या ग्रंथातल्या आहेत, तो ग्रंथ मराठीच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. त्याचा विषय वेगळाच आहे. जग कुणी निर्माण केलं, त्यात पाप कसं शिरलं, मरण कुठून आलं आणि त्यातून सुटका कशी होणार, हा तो विषय. ग्रंथाचं नाव ख्रिस्तपुराण. लिहिणारा माणूस इंग्लंडचा. आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मरण इतक्या वेळा जवळून गेलंय की हा प्रश्न त्याच्यासाठी नुसता पुस्तकी नसणार.

तर सुरुवात होते इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन नावाच्या गावातून. १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्सचा तिथे जन्म झाला. वडील व्यापारी. थॉमस साधारण नऊ वर्षांचा असताना पहिली एलिझाबेथ गादीवर आली आणि इंग्लंड पुन्हा प्रोटेस्टंट झालं. कॅथलिक असणं आता धोक्याचं होतं.

थॉमसचा एक मित्र होता, थॉमस पाउंड. श्रीमंत घरातला, राणीच्या दरबारात वावरलेला. दोघांनी ठरवलं की रोमला जायचं आणि जेझुइट व्हायचं. जेझुइट म्हणजे येशूसंघ, सेंट इग्नेशियस लोयोलाने स्थापन केलेला धर्मगुरूंचा संघ. तयारी सुरू असताना हे दोघं मालक आणि नोकर असल्याचं सोंग घेऊन फिरायचे. थॉमस नोकर व्हायचा. पण पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे ३० वर्षं त्याने वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. थॉमस एकटाच रोमला पोहोचला आणि १५७५ मध्ये जेझुइट झाला. मित्राला तो विसरला नाही. त्याच्याच खटपटीमुळे पाउंडला तुरुंगात असतानाच संघात घेण्यात आलं.

४ एप्रिल १५७९. लिस्बनच्या बंदरातून पाच जहाजं निघाली आणि त्यातल्या एकावर थॉमस स्टीफन्स होता. २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला अजून २१ वर्षं होती.

उतरल्यावर काही दिवसांनी, १० नोव्हेंबरला त्याने वडिलांना एक लांब पत्र लिहिलं. पुढे ते इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचलं. त्या पत्रातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट रोगाची. इतक्या महिन्यांच्या प्रवासात ताजं अन्न नाही, त्यामुळे हिरड्या सुजायच्या, अंग ठणकायचं. आज आपण त्याला स्कर्व्ही म्हणतो. स्टीफन्सच्या जहाजावर साधारण १५० माणसं आजारी पडली आणि २७ दगावली. जहाजावरचे लोक म्हणे, यंदा कमीच मेले.

दुसरी गोष्ट माशांची. उडणाऱ्या माशांचे थवेच्या थवे त्याला दिसले. या माशाला दोन वैरी. पाण्यात मोठा मासा, आपल्याकडच्या कुप्याच्या जातीतला, तो मागे लागतो. जीव वाचवायला उडणारा मासा पाण्याबाहेर झेपावतो, तर वर समुद्रपक्षी टपलेला. पक्ष्याला चुकवून खाली आला, तर मोठा मासा खाली वाट बघतच असतो. सातपाटी किंवा दांडीच्या एखाद्या खलाशाने सांगावं तसं हे वर्णन आहे. बारकाईने पाहिलेलं आणि प्रवचन न जोडलेलं.

हे मासे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

गोव्यात दीक्षा पूर्ण करून फादर स्टीफन्स झाले आणि त्यांना सासष्टीला पाठवण्यात आलं. (इथे पालघर-ठाण्याकडच्या वाचकांचा गोंधळ होऊ शकतो. आपली साष्टी म्हणजे मुंबई-ठाण्याचं बेट. ही गोव्यातली सासष्टी, मडगावच्या आजूबाजूचा भाग. दोन्ही नावं ६६ गावांवरून आली असं सांगतात. त्या काळी दोन्हीकडे राज्य पोर्तुगीजांचंच. वसई, तारापूर, अशेरीगड हे सगळं त्यांच्याकडे होतं आणि ते १७३० च्या दशकात चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलं.)

सासष्टीतली परिस्थिती भयंकर होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं होतं. सासष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली होती. लोक एक तर बाटले होते, नाही तर देव घेऊन खाडीपलीकडे गेले होते. जे राहिले त्यांच्या पोथ्यांवर बंदी होती.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात याचा भडका उडाला. चर्चसाठी जागा बघायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्यासोबतच्या काही ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार मारलं. मेलेल्यांमध्ये रुडॉल्फ अक्वाव्हिवा होते. अकबराच्या दरबारात जाऊन आलेले तेच हे फादर. त्यांचे मृतदेह ताब्यात घ्यायला जे गेले त्यांत फादर स्टीफन्स होते. मृतदेह विहिरीत टाकलेले होते.

पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या म्होरक्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथे त्यांना मारलं. एक जण निसटला असं सांगतात. कुंकळ्ळीत आज या म्होरक्यांचं स्मारक आहे, आणि चर्चने त्या पाच जेझुइटांना धन्य घोषित केलं आहे. एकाच घटनेच्या दोन बाजूंची दोन स्मारकं.

फादर स्टीफन्सनी उरलेलं आयुष्य याच लोकांमध्ये काढलं. जवळजवळ ४० वर्षं.

त्यांचं मोठेपण सांगताना ही पार्श्वभूमी बऱ्याचदा गाळली जाते. ते मराठीवर प्रेम करणारे होते, हे खरं. ज्या सत्तेने मराठी पोथ्या जाळल्या तिच्याच जहाजातून ते आले होते, हेही तितकंच खरं. मला दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच त्यांच्याबद्दल वाचावंसं वाटतं.

मधल्या काळात त्यांनी इतरही बरंच केलं. १५८३ मध्येच राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. त्यांना सोडवायला धावपळ केली ती स्टीफन्सनी. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं की इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी वाटते. विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल हेच म्हटलं आणि जगभर गाजला, ते त्यानंतर २०३ वर्षांनी. कोकणीचं व्याकरणही स्टीफन्सनी लिहिलं.

आता ख्रिस्तपुराण.

पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. सासष्टीत धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रीला विचारतो. त्याचं म्हणणं साधारण असं की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही ऐकायचं काय? आमच्यासाठी तसंच पुराण का लिहीत नाही?

हा प्रश्न ग्रंथात घालायला हिंमत लागते. संध्याकाळी देवळात बसून पुराण ऐकणं ही त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. देऊळ गेलं, पोथी गेली, कान मात्र तसेच राहिले. स्टीफन्सनी त्या कानांसाठी लिहिलं. छंद ओवीचा, ज्ञानेश्वर-एकनाथांचा. एकनाथ जाऊन तेव्हा जेमतेम १७ वर्षं झाली होती. भाषा मराठी, मधूनमधून कोकणी. आकार सुमारे ११ हजार ओव्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, यावरून अंदाज करा. स्वर्गाला शब्द वैकुंठ, सैतानाला देवचार.

ग्रंथाचे भाग दोन. पहिलं पुराण बायबलच्या जुन्या कराराचं. देव जग निर्माण करतो, आदाम आणि एवा यांना बागेत ठेवतो, एका झाडाचं फळ खाऊ नका म्हणतो. ते खातात. बागेतून हाकलले जातात आणि मग कष्ट, दुखणी, मरण. त्यांच्या मुलांपैकी काइन धाकट्या हाबेलला मारतो. बायबलमधलं माणसाचं पहिलं मरण म्हणजे सख्ख्या भावाने केलेला खून. दुसरं पुराण येशूचं. त्याचा जन्म, क्रूसावरचं मरण आणि मरणावर मात करून उठणं.

सासष्टीच्या त्या वर्गात बसलेल्या माणसाला यात नवीन काय वाटलं असेल? त्याने लहानपणापासून ऐकलं होतं की जन्मलेल्याला मरण आहेच आणि मेलेल्याला पुन्हा जन्म. चक्र चालू आहे, त्याला पहिलं टोक नाही. मरणाचा देव यम, तो त्याचं काम करतो. आता हा पाद्री सांगत होता की मरणाला सुरुवात आहे. एका दिवशी, एका माणसाच्या चुकीने ते आलं. आणि ज्याला सुरुवात आहे त्याला शेवटही आहे.

दुसरं पुराण पहिल्यावर उभं आहे, ते असं. मरण जर मुळातच ठरलेलं असेल, तर त्यातून सोडवणाऱ्याची गरज काय? ख्रिस्ती धर्माच्या मांडणीत हा सांधा फार महत्त्वाचा आहे. आजही यावरच वाद होतो.

आता त्या माशांकडे येऊ.

माणसाच्या मरणाचं कारण आदाम, ठीक. पण कुप्याच्या तोंडात जाणाऱ्या उडणाऱ्या माशाने कोणतं फळ खाल्लं होतं? वाघाने हरीण मारणं, पान गळणं, किडा चिरडणं, हे सगळंही आदामामुळे का?

स्टीफन्स ज्या जेझुइट संघात घडले, तिथे धर्मशास्त्रात १३ व्या शतकातल्या थॉमस अक्विनासचा शब्द प्रमाण मानला जायचा. त्याचं उत्तर स्पष्ट होतं. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदललेला नाही. सिंह आणि ससाणा आधीही मांसच खात होते. न मरण्याची देणगी फक्त माणसाला मिळाली होती आणि ती माणसानेच गमावली.

पण हे सगळ्यांना पटलं नाही. बायबलमध्येच असं आहे की सुरुवातीला देवाने प्राण्यांनाही हिरवा पालाच खायला दिला होता. मग शिकार कुठून आली? ख्रिस्तपुराण छापल्यावर ५१ वर्षांनी इंग्रज कवी मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट' प्रसिद्ध केलं. त्यात आदाम चुकल्यावर प्राणी एकमेकांवर तुटून पडायला लागतात. १८ व्या शतकात मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली हाच धागा पकडून सांगत होता की मुक्या जनावरांचे हालही माणसाच्या पापाचं फळ आहेत.

मग जमिनीतून जीवाश्म निघायला लागले. माणसाचा मागमूस नसलेल्या थरांत मेलेले प्राणी, आणि काहींच्या पोटात दुसऱ्या प्राण्यांची हाडं. १८३९ मध्ये ऑक्सफर्डचा भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड, जो स्वतः पाद्री होता, त्याने याच विषयावर प्रवचन दिलं. आदामाला झालेली मृत्यूची शिक्षा सगळ्या प्राण्यांना लागू होती की फक्त माणसाला? त्याचं मत, फक्त माणसाला. फिरून तो अक्विनासपाशीच आला.

तरी वाद संपला नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस यांनी 'द जेनेसिस फ्लड' लिहिलं आणि तिथून आजच्या सृष्टिनिर्मितीवाद्यांची चळवळ जोरात सुरू झाली. त्यांच्या मते पृथ्वी काही हजार वर्षांचीच, आदामाच्या आधी एकही प्राणी मेला नाही आणि जीवाश्म बहुतेक नोहाच्या जलप्रलयातले. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. देवाने निर्माण केलेलं जग चांगलं होतं असं बायबल म्हणतं. त्यात आधीपासून कॅन्सर, उपासमार आणि शिकार असेल, तर त्याला चांगलं कसं म्हणायचं? आणि मरण पापाआधीचं असेल, तर येशू क्रूसावर मेला कशासाठी?

दुसरा प्रश्न श्रद्धेचा आहे, त्याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. पृथ्वीच्या वयाचं तसं नाही. पालघरचा काळदुर्ग बघा, नाहीतर पोर्तुगीजांनी पहारा ठेवलेला अशेरीगड. सह्याद्रीच्या या पट्ट्यातले डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. त्याच काळात डायनासोर संपले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला त्यांचे अवशेष सापडलेत, त्यांची दगड झालेली विष्ठासुद्धा. म्हणजे खाणं, पचवणं, मरणं हे सगळं इथे महाराष्ट्रात, माणूस यायच्या कित्येक कोटी वर्षं आधी चालू होतं.

कॅथलिक चर्चने हा वाद फारसा ताणलेला नाही. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी माणसाच्या शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र देवच देतो ही अट ठेवून. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की उत्क्रांती आता नुसती कल्पना राहिलेली नाही. त्यामुळे वसईत कपाळाला राख लावून निघालेला एखादा मुलगा कॉलेजात डार्विन शिकत असेल, तर त्याच्या चर्चच्या दृष्टीने त्यात भांडण नाही.

फादर स्टीफन्सना डार्विन भेटला नाही. त्यांची अडचण वेगळी होती आणि फार साधी होती. छपाई.

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण तो रोमन लिपीचा. मराठीचा ग्रंथ मराठीच्या लिपीत छापावा ही त्यांची फार इच्छा. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांकडे पत्र लिहून परवानगी मागितली. अडचणही मोकळेपणाने सांगितली. इथली अक्षरं जोडाक्षरांसकट धरली तर ६०० च्या घरात साचे लागतील, पण ते २०० पर्यंत आणता येतील. आज आपण कीबोर्डवर सहज 'क्ष' टाइप करतो तेव्हा हा हिशोब डोक्यात येत नाही. खिळे जुळवणाऱ्याला मात्र प्रत्येक जोडाक्षराचा वेगळा खिळा लागायचा.

ते खिळे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये राय गावच्या शेजारी राशोलला ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. वय सत्तरच्या आसपास. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. त्यांचं ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं पुस्तक १६२२ मध्ये निघालं आणि कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून ते ओळखलं जातं.

पुराण लोकांनी उचललं. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापावं लागलं. चर्चमध्ये, घरांमध्ये ते वाचलं जायचं. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पुराणं बंद केल्यावर त्यांची जागा घ्यायला जे पुराण लिहिलं, त्याच्याही भाषेवर गदा आली.

त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवलेल्या वह्यांमुळे. गोव्यातून कर्नाटक किनाऱ्याला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ छापला, तोही रोमन लिपीत. लंडनमध्ये मार्सडेन नावाच्या संग्रहात एक हस्तलिखित निघालं, ते चक्क देवनागरीत.

आणि ज्यासाठी फादर स्टीफन्सनी १६०८ मध्ये साचे मागितले होते, ती देवनागरीतली छापील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून काढली, १९५६ मध्ये.